आप्पा लग्नाला गेलेत

मधुकरआप्पांना भेटायचं असेल तर आधी काकूंना विचारावं लागतं की ते सध्या किती वर्षं मागं आहेत. काकू म्हणजे त्यांची बायको. ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या असतात. वर न बघता सांगतात, "तीस वर्षं मागं गेलेत. निंबोल्याला कोणाचं तरी लग्न आहे. चहाला येतील." पहिल्यांदा हे ऐकणारा माणूस काकूंकडे जरा जपूनच बघतो. तेवढ्यात आतून आप्पांचा आवाज येतो, "वरमाईच्या चपला शेवटच्या कोणी पाहिल्या? खरं बोला!" मग तो माणूस आपल्या चपला पायात घालतो आणि नंतर येतो म्हणून निघून जातो.

मी आप्पांची शेजारीण, कुंदा. ब्लाऊज शिवते. मला राग लवकर येतो, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते माझ्या रागापायी झालं. लोक म्हणतात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून माझी जीभ अशी झाली. खोटं आहे. माझी जीभ आधीपासून अशीच होती, गिऱ्हाइकं नंतर आली.

आप्पांनी चाळीस वर्षं बऱ्हाणपुरात लग्नपत्रिका छापल्या. छापखाना म्हणजे एक मशीन, एक खिडकी आणि खिडकीत आप्पा. ज्यांनी कधी लग्नपत्रिका छापून घेतली नाही त्यांना वाटेल यात काय एवढं. अहो, आमच्याकडं मुलगी पसंत करायला एक दिवस लागतो आणि पत्रिकेवरची नावं ठरवायला पंधरा. कोणाचं आधी, कोणाचं नंतर, कोणत्या मामाच्या नावापुढं 'श्री.' राहिलं, खाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांमध्ये कोणाची चिंगी सुटली. सोयरीक मोडायच्या बेताला येते. तिथं आप्पांची ख्याती अशी, की त्यांच्या हातून गेलेल्या पत्रिकेत एक नाव सुटल्याचं कोणी दाखवावं. एकेक पत्रिका ते सात वेळा वाचत, त्यातली दोन वेळा खालून वर. आणि प्रत्येक कामाची एक प्रत, तिच्या पहिल्या प्रुफाला टाचणी लावून, ट्रंकेत ठेवत. अशा तीन ट्रंका त्यांच्या पलंगाखाली आहेत. काकू म्हणतात, माझ्या साड्यांना एक कपाट आणि दुसऱ्यांच्या लग्नांना तीन ट्रंका.

छापखाना बंद झाला आणि आप्पा वर्षभर गल्लीत नुसते फिरत होते. दुकानांच्या पाट्या वाचायचे, खालून वर. मग समोरच्या घरात पूजा सून म्हणून आली. ती इंदूरची, कॉलेजात शिकवते, अर्धं मराठी बोलते, अर्धं हिंदी, आणि राग आला की फक्त हिंदी. तिच्याकडं पत्त्यांच्या खेळाचा एक डबा होता. चार जणांनी मिळून मागच्या काळात जायचं, प्रत्येकानं पत्ता टाकत गोष्ट पुढं न्यायची आणि एका साहेबाचा खून कोणी केला ते शोधायचं. साहेब आपल्या बंगल्यातल्या वाचनालयात मेलेला. आप्पा शेजारी बसून बघत होते. त्यांनी विचारलं, यात हरतं कोण? पूजा म्हणाली, "कोई किसी के अगेन्स्ट नहीं खेलता, आप्पा. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे."

आप्पा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, खेळ चांगला आहे, पण आपल्याकडं वाचनालयात कोणी मरत नाही. वाचनालयात कोणी जातच नाही. आपल्याकडं जे काय व्हायचं ते लग्नात होतं. आणि त्यांनी पहिली ट्रंक ओढली.

त्यांचा खेळ असा. डोळे मिटून ट्रंकेतनं एक पत्रिका काढायची. तिच्यावर दिवस, मुहूर्त, ठिकाण सगळं छापलेलंच असतं, त्यामुळं कुठं जायचं हा प्रश्न येत नाही. पाठीमागं आप्पांनी पेन्सिलीनं त्या लग्नातलं गूढ लिहिलेलं असतं. लोक धाकट्याची पत्रिका छापायला आले की थोरल्याच्या लग्नातली भांडणं सांगत, म्हणून गुढांना तोटा नाही. प्रत्येकाला चार पत्ते मिळतात, उरलेल्या जाड कागदाचे, आप्पांनी स्वतः कापलेले. 'मागे जा' टाकला की तासभर मागं. 'साक्षीदार' टाकला की तिथल्या कोणाचंही रूप घ्यायचं आणि त्यानं काय पाहिलं ते सांगायचं. 'वस्तू' टाकला की एखादी वस्तू कुठून कुठं गेली ते सांगायचं. आणि 'विचार' टाकला की त्या लग्नाला खरोखर हजर असलेल्या माणसाला फोन लावून विचारायचं. सुरू करताना उदबत्ती लावायची. ती विझायच्या आत गूढ सुटलं तर सगळे जिंकले.

ऐकायला सोपं वाटतं. पण आप्पांपुढं थापा चालत नाहीत. तुम्ही रंगात येऊन सांगावं की नवरीच्या भावानं फोटो काढला आणि त्यात चोर दिसला, की आप्पा बोट वर करतात, "तेव्हा नव्हतं." मोबाईल तेव्हा नव्हता, तो बोळ तेव्हा नव्हता, ते मंगल कार्यालय तेव्हा नव्हतं, तिथं कपाशी होती. आणि हे सगळं नव्हतं ते कमी पडलं म्हणून मागं जाताना आप्पा आपलं कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात. तेव्हा नव्हतं. मग आम्ही सगळे ओरडून ओरडून खेळतो. संशयित कोण आहे ते आमच्या आधी गल्लीला कळतं. एकदा काकूंनी चटणीसाठी मिक्सर लावला तर आतून आप्पांनी बोट वर केलं. काकू म्हणाल्या, मग आजचा चहाही तेव्हाच झाला असं समजा. त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही.

चौथे खेळाडू सलीमभाई. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, ट्रंकेतल्या निम्म्या लग्नांत ते होते. साक्षीदार म्हणून त्यांचा उपयोग शून्य. त्यांना प्रत्येक लग्नातलं फक्त जेवण आठवतं. "निंबोलेवाली शादी? हां, बट्टी थोडी कच्ची थी." पण कधी कधी त्यातूनच गूढ सुटतं. एका लग्नात दोन पिंप मठ्ठा खारट झाला होता आणि आचाऱ्याला मार खायची वेळ आली होती. सलीमभाईंना आठवलं की पहिल्या पंगतीचा मठ्ठा तर अळणी होता. मग पूजानं 'साक्षीदार' टाकून घोडीचं रूप घेतलं. तिला नेहमी घोडीच व्हायचं असतं. घोडी मांडवामागं बांधलेली, तिनं पाहिलं की पहिली पंगत उठल्यावर मुलीची काकू आली, मीठ टाकून गेली. मग मुलीची आत्या आली, टाकून गेली. मग मामी. प्रत्येकीला वाटलं, आपल्याशिवाय या घरात कोणाला काही सुचत नाही. आप्पांनी ते मान्य केलं, कारण घोडीचं तोंड त्याच बाजूला असणार हे त्यांना पटलं.

माझ्या लग्नाची पत्रिकाही निघाली एकदा. माझ्या लग्नात मावा जिलेबीची अख्खी परात गायब झाली होती आणि आळ आला माझ्या मामावर. बिचारा अजून जिलेबी दिसली की मान फिरवतो. उदबत्ती संपत आली, काही सुटेना. मी 'विचार' टाकला आणि नवऱ्याला दुकानात फोन लावला. म्हटलं, आपल्या लग्नातली जिलेबीची परात आठवते का? तो म्हणाला, "कोणी सांगितलं?" सत्तावीस वर्षं हा माणूस माझ्याशेजारी बसून माझ्या मामाला हसत होता! आम्ही चौघं त्या दिवशी जिंकलो. घरी काय झालं ते इथं सांगत नाही.

तर असे आप्पा. पण आता ताईंचं सांगायला हवं.

वत्सलाताई आप्पांची थोरली बहीण, दापोऱ्याला दिलेली. स्कूटीनं अर्धा तास. आई लहानपणीच गेली, तेव्हा आप्पांना ताईंनीच वाढवलं. ताईंचे यजमान काशिनाथ, आप्पा त्यांना दाजी म्हणतात. केळीचा मोठा बाग, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. छापखान्याचं मशीन घ्यायचं होतं तेव्हा आप्पांच्या पाठीशी उभे राहिले ते दाजीच. आणि सव्वीस वर्षांपूर्वी आप्पांच्या मुलीचं, सुनंदाचं लग्न ठरलं, तिची पत्रिका आप्पांनी स्वतः छापली, आणि निमंत्रकांच्या यादीत सगळ्यांची नावं आली, दाजींचं आलं नाही. सख्ख्या आत्याच्या नवऱ्याचं! आप्पा सगळ्यांना सांगत सुटले, चुकून राहिलं. ताई लग्नाला आल्या नाहीत. पहिल्या भाऊबीजेला आप्पा दापोऱ्याला गेले आणि दारातूनच परत आले. काय बोलणं झालं ते काकूंनाही कळलं नाही.

तेव्हापासून दर भाऊबीजेला आप्पा पहाटे उटणं लावून अंघोळ करतात, नवा सदरा घालतात आणि ओट्यावर खुर्ची टाकून दुपारपर्यंत गल्लीच्या तोंडाकडं बघत बसतात. विचारलं तर म्हणतात, ऊन खातोय. ताईनं एकदा येऊन ओवाळावं, एवढंच त्यांना हवंय. हे सबंध गल्लीला माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. बोलायची सोयही नाही. दापोऱ्याचं नाव कोणी काढलं की आप्पा यंत्र काढून खिशात ठेवतात. वर्तमानकाळातसुद्धा.

मागच्या भाऊबीजेची गोष्ट. माझा भाऊ सकाळीच जसोंडीहून येऊन, ओवाळून घेऊन, करंज्या बांधून घेऊन गेला. मी त्याला सोडायला बाहेर आले तर आप्पा खुर्चीत. दहा वाजता पाणी टाकायला आले, आप्पा खुर्चीत. बारा वाजता उन्हाची तिरीप त्यांच्या डोळ्यांवर आली होती, पण खुर्ची हलवली तर गल्लीचं तोंड दिसेना, म्हणून तसेच बसलेले. मला भडभडून आलं, आणि मला भडभडून आलं की मी चिडते. काय करणार, स्वभाव.

दुपारी फराळाला आम्ही जमलो आणि आप्पांनी नेहमीसारखी ट्रंक ओढली. डाव बसला, पण त्यांचं मन ठिकाणावर नव्हतं, कानातलं यंत्र काढायलाही ते विसरले होते. मी तीनदा गोष्ट पुढं नेली, तिन्हीदा त्यांनी "तेव्हा नव्हतं" म्हणून मोडली. चौथ्यांदा मोडली तेव्हा माझी सटकली. म्हटलं, आप्पा, तुमच्या हातून एवढं काही सुटत नाही ना? मग ट्रंकेच्या तळाशी बांधून ठेवलेली ती पिशवी कधी बाहेर का येत नाही? आणि मी ट्रंकेत हात घालून प्लास्टिकच्या पिशवीतली ती एकटी पत्रिका काढून मधोमध ठेवली. सुनंदाची पत्रिका. पाठीमागं गूढ लिहिलेलं नव्हतं. पाठ कोरी होती.

"ती नाही," आप्पा म्हणाले.

मला माझीच लाज वाटली, पण मागं घ्यायला जीभ वळेना. पूजा हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, निकला हुआ पत्ता वापस नहीं जाता. तुमचाच नियम आहे." सलीमभाई चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिले. आप्पांनी दाराकडं बघितलं. दारात काकू उभ्या होत्या. त्या आत आल्या, देवापुढची काडेपेटी घेतली आणि स्वतःच्या हातानं उदबत्ती लावली.

आता हा खेळ एकत्र जिंकायचा, म्हणजे आमच्यातल्या कोणालाच आप्पांना अडकवायचं नव्हतं. आम्ही तिघांनी न ठरवता ठरवलं की आप्पांना यातून सोडवायचं. सलीमभाईंनी पहिला पत्ता टाकला. एकदम लाईट गेली, अंधारात हात लागून जुळवलेले खिळे सांडले, परत लावताना एक ओळ राहिली. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं, ती हातानं लावून छपाई व्हायची. चांगली गोष्ट होती. आम्ही माना डोलावल्या. आप्पांनी बोट वर केलं. त्या दिवशी लाईट गेली नव्हती, मशीन सकाळपासून चालू होतं.

पूजानं 'वस्तू' टाकला. म्हणाली, अक्षरं कमी पडली असतील. आप्पा म्हणाले, खिळे भरपूर होते. मी 'मागे जा' टाकला. म्हटलं, प्रुफातच नाव नसेल, ज्यानं यादी लिहून दिली त्याची चूक. आप्पांनी टाचणी काढली आणि प्रूफ माझ्यापुढं सरकवलं. चौथ्या ओळीत दाजींचं नाव होतं, व्यवस्थित, दापोऱ्यासकट. आणि छापलेल्या पत्रिकेत त्याच चौथ्या ओळीत दुसरंच नाव होतं. तेव्हाच्या एका पुढाऱ्याचं. आमच्या कोणाच्या ते आजवर लक्षात आलं नव्हतं. गाळलेलं नाव सगळ्यांनी शोधलं, जास्तीचं कोणी शोधलं नाही.

मी लगेच म्हटलं, व्याह्यांनी काढायला लावलं. आप्पा म्हणाले, व्याही संध्याकाळी आले होते, हे एक नाव वाढवा म्हणाले. काढा म्हणाले नाहीत. काकू दारातून म्हणाल्या, "मीच म्हटलं असेन. मला तेव्हा पुढाऱ्यांचं फार होतं." काकूंना कधीच कोणाचं फार नव्हतं. आप्पा त्यांच्याकडं बघून हसले. म्हणाले, तू तेव्हा साड्या घ्यायला गेली होतीस, सुनंदाला घेऊन. छापखान्यात मीच एकटा होतो.

उदबत्ती बोटभर राहिली होती. आमच्या हातातल्या पत्त्यांत टाकण्यासारखा एकही उरला नव्हता. आम्ही जी जी वाट काढत होतो ती आप्पाच बंद करत होते, आणि त्यांना दुसरं काही जमतही नव्हतं. आयुष्यभर एक चुकीचं अक्षर पुढं जाऊ न दिलेला माणूस.

"ओळीत जागा नव्हती," आप्पा म्हणाले. "एक नाव आत घ्यायचं तर एक बाहेर काढावं लागणार होतं. बाकीचे सगळे रुसणारे होते. दाजी घरचे. म्हटलं, ते समजून घेतील. म्हणून मी काढलं. सात वेळा वाचली पत्रिका, सातही वेळा ते दिसत होतं. आणि सगळ्यांना सांगितलं, चुकून राहिलं."

मग सलीमभाईंनी विचारलं, "तो आप्पा, हम जीते या हारे?" उदबत्ती अजून जळत होती. नियमाप्रमाणं आम्ही जिंकलो होतो.

मी म्हटलं, आप्पा, पाच वाजलेत. भाऊबीज अजून संपलेली नाही. उठा. ते म्हणाले, आता काय तोंडानं जाऊ. मी म्हटलं, ह्याच तोंडानं, दुसरं आहे कुठं? पूजा तर स्कूटीची किल्ली घेऊन उभीच होती, तिची स्कूटी माझ्या स्कूटीपेक्षा बरी आहे, ती मी चालवायला घेतली. आप्पांनी तिच्याकडं पेन मागितलं. पत्रिका पुढं घेतली, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधल्या पांढऱ्या जागेत एक छोटी खूण केली आणि बारीक, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं, श्री. काशिनाथ दगडू चौधरी, दापोरा. जागा झाली. चांगली झाली.

काकूंनी दराब्याचा, म्हणजे आमच्याकडच्या रव्या-तुपाच्या मिठाईचा, डबा दिला. सबंध रस्ताभर आप्पा मागं बसून डबा पोटाशी धरून होते. आधी म्हणाले हळू चालव. गाव जवळ आलं तसं म्हणाले आणखी हळू चालव. शेवटी केळीच्या गाड्या आम्हाला मागं टाकून जायला लागल्या. मी म्हटलं, आप्पा, याहून हळू चालवली तर पडू आपण.

ताई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, बारीक, ताठ. मला म्हणाल्या, बस बाई. आप्पांना काहीच म्हणाल्या नाहीत. आप्पा उभेच. त्यांनी पत्रिका पुढं केली. मग एका दमात सगळं सांगितलं, पुढारी, चौथी ओळ, सात वेळा वाचलेली पत्रिका. मधे एकही सबब घातली नाही.

ताईंनी पत्रिका डोळ्यांजवळ नेऊन बघितली. "मले माहीत होतं रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातून चुकून कधी काही सुटलंय? लहानपणी भाजीतला खडा तुले दिसायचा, कोणाले दिसायचा नाही. आणि तू मले सांगतो चुकून राहिलं. नावाचं नाही वाटलं मले. दारात आला तेव्हा म्हटलं होतं ना, खरं सांगायचं असलं त आत ये. तू उलट्या पावली गेला. सव्वीस वर्षं लावले मधू तू."

आप्पा तिथंच पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. ताई उठून त्यांच्या शेजारी बसल्या, त्यांच्या पाठीवरनं हात फिरवायला लागल्या. मी डब्याचं झाकण लावत आणि काढत बसले, कारण मलाही आवरत नव्हतं.

तेवढ्यात आतून काठी टेकत दाजी आले. अंगानं खंगलेले, पण आवाज तोच. ताई हळूच आप्पांना म्हणाल्या की दोन वर्षं झाली, यांना आजचं काही राहत नाही. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, जुनं मात्र सगळं पक्कं आहे. ताईंनाही कधी कधी सुनंदाच समजतात. आप्पांना हे काहीच माहीत नव्हतं. कोण सांगणार होतं?

दाजींनी आप्पांकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मधू! आला का? किती वाट पाहायची लेका. पत्रिका आणली का सुनंदाची?"

आप्पा ताईंकडं बघायला लागले. ताई म्हणाल्या, दिवाळी आली की रोज विचारतात, मधूच्या पोरीची पत्रिका आली नाही अजून?

"आणली दाजी," आप्पा म्हणाले.

"माझं नाव टाकलं ना?"

आप्पांनी पत्रिका दाजींपुढं धरली आणि त्या बारीक अक्षरांखाली बोट ठेवलं. दाजींनी वाकून, एकेक अक्षर सुटं करून, शेजारच्या घरी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आपलं नाव वाचलं. दापोऱ्यासकट. मग सरळ उभे राहिले.

"चांगलं छापलं," ते म्हणाले. "वत्सले, माझी टोपी काढ. पोरीच्या लग्नाले उशीर नको."

ताई आत गेल्या. आल्या तेव्हा एका हातात टोपी होती आणि दुसऱ्या हातात निरांजनाचं ताट. टोपी त्यांनी दाजींच्या डोक्यावर नीट बसवली, पुढून मागून बघितली.

"बसा जरा बाजेवर," त्या म्हणाल्या. "आधी माझ्या भावाले ओवाळते, मग निघू."